नऊ वाजण्याआधी

"माझे वडील कधी चुकलेच नाहीत, असं मी म्हणत नाही," लिनेट टिडवेल म्हणाली. "पण ही चिठ्ठी त्यांनी लिहिलेली नाही."

तिने एका कागदाची प्रत टेबलावर ठेवली. ओडेसा पिकेटने ती लगेच उचलली नाही. आधी तिने समोरच्या बाईकडे पाहिले. वय पंचेचाळीसच्या आसपास, काळा कोट, सगळी बटणे लावलेली. मार्चच्या पहिल्या सोमवारी हंट्सव्हिलमध्ये एवढ्या कोटाची गरज नव्हती.

"कधी गेले?"

"दोन आठवडे झाले. झोपेत. हृदय बंद पडलं."

ओडेसाने चष्मा लावला. तीस वर्षे विमा कंपनीसाठी खोटे दावे शोधून झाल्यावर तिने स्वतःचे कार्यालय थाटले होते. तिचा दीर हर्शेल गाडी चालवत असे, दारे उघडत असे आणि न विचारता मते देत असे.

कागद म्हणजे छापील फॉर्म होता. वरच्या बाजूला गॅसखरेदी संघाचे नाव आणि पाच गावांची नावे. खाली पेनाने दोनच ओळी: 'मंगळवारच्या हॅम्बीच्या गॅसपैकी १२०० युनिट सॉरेलला द्यावेत. हॅम्बीसाठी ९०० ठेवावेत.' त्याखाली ई. टी. ही आद्याक्षरे आणि तारीख, १५ जानेवारी.

"ई. टी. म्हणजे एल्बर्ट टिडवेल," लिनेट म्हणाली. "हॅम्बीचे गॅसप्रमुख. चौतीस वर्षं."

"आणि हा संघ?"

"हॅम्बीएवढं गाव एकटं गॅस घ्यायला गेलं तर कुणी दारात उभं करत नाही. म्हणून चार नगरपालिका एकत्र आल्या. बाबा पहिल्या बैठकीपासून होते. यंदा पाचवं गाव आलं. प्रत्येक गावाचा गॅसप्रमुख दुसऱ्या दिवशी किती लागेल ते चिठ्ठीवर लिहून देतो, संघ सगळ्यांचं मिळून विकत घेतो."

"मंगळवारी, सोळा जानेवारीला काय झालं?"

"सोमवारी सुटी होती, शनिवार-रविवारला जोडून. अशा वेळी शुक्रवारीच चार दिवसांचं लिहून द्यावं लागतं, मंगळवारसकट. सॉरेलचे रॉस्को हॅगुड मंगळवार विसरले. आकडा दिला नाही तर किमान नऊशेच मिळतात. बाबांनी हॅम्बीसाठी एकवीसशे लिहिले होते. आणि मंगळवारी तसली थंडी पडली. पाइपलाइन कंपनीनं आदेश काढला, नावावर असेल त्यापेक्षा एक युनिट जास्त नाही."

"आणि या चिठ्ठीनं आकडे उलटे झाले. हॅम्बीला नऊशे, सॉरेलला एकवीसशे."

"दुपारी आमच्या वृद्धाश्रमाच्या भट्ट्या विझल्या. एकतीस म्हाताऱ्यांना चर्चमध्ये हलवलं. मिस आयोला एक्क्याण्णव वर्षांच्या होत्या. त्या रात्र काढू शकल्या नाहीत." तिने कोटाचे वरचे बटण चाचपले. "त्यांनी मला वाचायला शिकवलं होतं."

हर्शेलने कॉफीचा कप हळूच खाली ठेवला.

"गावाचं म्हणणं, टिडवेलनं रॉस्कोच्या दोस्तीपायी गावाचा गॅस वाटला. सोमवारी बाबा माझ्याकडे चॅटानूगाला होते, रात्री आठला निघाले. लोक म्हणतात, परत जाताना सॉरेलमध्ये संघाच्या दारातून चिठ्ठी टाकली. मी त्यांना विचारलं, तुम्ही लिहिलीत का?"

"काय म्हणाले?"

"'ज्यानं लिहिली तो सांगेल.' एवढंच. स्वतः लिहिली असती तर हो म्हणाले असते. बाबांना खोटं बोलता यायचं नाही, खरं सांगायला वेळ लागायचा एवढंच." तिने पर्स मिटली. "गुरुवारी सकाळी संघाची बैठक आहे. अहवालात लिहिणार आहेत: दोष एल्बर्ट टिडवेल यांचा. तो राज्याकडे जाईल आणि तिथे कायमचा राहील."

*

संघाचे कार्यालय सॉरेलमध्ये, जुन्या बँकेच्या इमारतीत होते. कारभार एकटी वर्डी पूल पाहत असे. सत्तरीची, बारीक, केस निळसर रंगवलेले.

"एल्बर्टच्या मुलीनं पाठवलं ना? बसा. तुम्ही खुर्चीवर बसू नका हो, ती मोडते," ती धिप्पाड हर्शेलला म्हणाली. "तुमच्यासारख्यांसाठी बाक आहे."

"मी उभाच बरा, मिस वर्डी."

भिंतीवर मोठे घड्याळ होते. नवाच्या आकड्यावर लाल चिकटपट्टी लावलेली होती.

"नऊला काय असतं?" हर्शेलने विचारले.

"गॅसचा दिवस उजाडतो. आमच्या धंद्यात दिवस नऊ ते नऊ. त्या दिवशीच्या नवाच्या आत कुठला आकडा कुणाकडे, हे बदलता येतं. नवाच्या ठोक्याला पाइपलाइनवाले यादी बंद करतात. मग देवाचंही चालत नाही."

ओडेसाने शुक्रवारच्या चिठ्ठ्या मागितल्या. वर्डीने पाच कागद काढून दिले. फॉर्मच्या वर चार गावांची नावे छापलेली होती. पाचव्या गावाच्या माणसाने आपले नाव हाताने लिहिले होते. एका चिठ्ठीवर चारऐवजी तीनच ओळी होत्या. तीन कागदांवर १२ तारीख होती, दोनांवर ११.

"सुटी जवळ आली की काहींना तारीखही कळत नाही," हर्शेल म्हणाला.

"मी तारखा बघायचं कधीच सोडलंय. मी आकडे बघते."

"रॉस्कोच्या चिठ्ठीवर तीन ओळी आहेत, हे शुक्रवारी दिसलं नाही?"

वर्डीचा चेहरा बदलला. "दिसलं. दुपारी चारला. फोन केला, उचलला नाही. पाचला मी घरी गेले. नियमात फोन करायचं बंधन नाही." मग हळू आवाजात म्हणाली, "पण करायला हवा होता मी पुन्हा. रोज रात्री आठवतं."

"मंगळवारी सकाळी काय झालं, क्रमानं सांगा."

"साडेसातला आले. कुलूप गोठलेलं, काडी पेटवून किल्ली गरम केली. शुक्रवारी जुने फॉर्म संपले होते, म्हणून छापखान्याचं खोकं फोडून नवे काउंटरवर ठेवले. कॉफी ठेवली. माझा कप ओतेपर्यंत भांडं अर्धं झालं होतं. थंडी पडली की सगळ्यांना आमच्याच कॉफीची आठवण येते."

"सगळे म्हणजे?"

"नेहमीचेच. टपालवाला, वीजखात्याचे दोघं, रॉस्को. मग सव्वाआठला दाराच्या फटीखालची टोपली उपसली. बिलं, जाहिराती आणि ही चिठ्ठी. वाचली, पाइपलाइनला कळवलं. संघाची बेरीज तीच राहत होती, एकाचं दुसऱ्याला. शंका कशाला घेऊ? ते दोघं भावांसारखे होते."

*

"टिडवेलला मी काढला, आणि पुन्हा काढीन," हॅम्बीचे नगराध्यक्ष डॉयल क्रेन्शॉ म्हणाले. ते मोटारींचे सुटे भाग विकत. दुकानाच्या मागच्या खोलीत, टायरांच्या वासात, त्यांनी दोघांना बसवले.

"गावाची गॅसव्यवस्था खासगी कंपनीला विकावी असं तुमचं म्हणणं होतं," ओडेसा म्हणाली. "टिडवेल आडवे आले."

"आले ना. तीन वेळा. म्हातारा भाषण करायचा नाही, नुसता उभा राहायचा आणि आकडे वाचायचा. मी हरायचो." ते हसले नाहीत. "म्हणून मी वृद्धाश्रम गारठवला, असं म्हणायचंय?"

"मी विचारलं नाही."

"मग न विचारताच सांगतो. त्या मंगळवारी पहाटे सहापासून दहापर्यंत मी वृद्धाश्रमाच्या तळघरात होतो. पाण्याचे नळ गोठले होते. टिडवेलही होता, माझ्या शेजारी, गुडघ्यावर, हातात टॉर्च. चार तास एकदाही उठला नाही. मी शिव्या देत होतो, तो नळ शेकत होता."

"म्हणजे त्या वेळी तुमचं पटत होतं."

"मला तो आवडायचा, बाई. तोच तर त्रास आहे." क्रेन्शॉंनी हातातला नट फिरवला. "दुसऱ्या दिवशी ती चिठ्ठी त्याच्यासमोर ठेवली. बराच वेळ बघत बसला. मग चष्मा काढला आणि म्हणाला, 'नऊ वाजले नव्हते अजून.' हा काय जबाब झाला? मी लिहिली म्हणाला नाही, नाही लिहिली म्हणाला नाही. आम्ही कपाळाला हात लावला."

गाडीत बसल्यावर हर्शेल म्हणाला, "वहिनी, मला वाटतं ती वर्डी. स्वतःची चूक झाकायला तिनंच लिहिली. पुन्हा फोन केला नाही, मग सॉरेल थंड पडलं असतं, तिच्यावर आलं असतं."

"असू शकेल."

"तुम्ही 'असू शकेल' म्हणालात की मी चुकलेलो असतो."

"भावजी, हॅम्बीहून सॉरेल किती वेळ?"

"चाळीस मिनिटं. त्या दिवशीच्या बर्फात तास धरा."

ओडेसाने वहीत काहीतरी लिहिले आणि वही मिटली.

*

रॉस्को हॅगुड बुधवारी दुपारी सॉरेलच्या खाणावळीत भेटला. उंच, खांदे वाकलेले. अंत्ययात्रेला घेतलेले काळे बूट अजून पायात होते. तळलेले हॅम आणि मक्याच्या कण्या समोर होत्या, त्याने हात लावला नव्हता.

"शवपेटीचा पुढचा डावा कोपरा माझ्याकडे होता," तो म्हणाला. "लिनेटनंच सांगितलं होतं, रॉस्कोकाका पुढे राहतील."

"तुम्ही दोघं एकत्र कामाला लागलात?"

"पाइपलाइनवर. एकाच दिवशी, एकाच मुकादमाच्या हाताखाली. तो माणूस कानफटात मारायचा, पण काम शिकवायचा. मग मी इथं आलो, एल्बर्ट तिकडे. एकोणचाळीस वर्षं दर शुक्रवारी सकाळी सातला याच टेबलावर नाश्ता. आमच्या चिठ्ठ्या आम्ही इथंच लिहायचो."

"बारा जानेवारीलाही?"

"तेव्हाही. मी नातवाच्या खेळाबद्दल बडबडत होतो. तीन ओळी लिहिल्या आणि घडी घातली." त्याने डोळे पुसले. "सोमवारी संध्याकाळी ध्यानात आलं. एल्बर्टच्या घरच्या फोनवर निरोप ठेवला. त्यानं तो ऐकला असणार, आणि मला वाचवलं. स्वतःच्या गावाचं काय होईल याचा विचार केला नाही. असा माणूस होता. मी सगळ्यांना सांगतो, तो माझ्यासाठी बुडाला."

"चिठ्ठीबद्दल कधी कळलं?"

"दुपारी, वर्डीचा फोन आला तेव्हा. मी पहाटे पाचपासून झडपांच्या खोलीत होतो, दुपारपर्यंत हललो नाही."

"नंतर त्यांनी तुम्हाला काही बोल लावला?"

"कधीच नाही. उलट येत राहिला. नोकरी गेली तरी शुक्रवारी सातला हजर. पाच शुक्रवार आला. इथं, समोर. कॉफी घ्यायचा, फार बोलायचा नाही, माझ्याकडे बघत बसायचा. शेवटच्या शुक्रवारी बिल त्यानं दिलं."

बाहेर आल्यावर हर्शेलने नाक शिंकरले. "अशी दोस्ती आता बघायला मिळत नाही."

"नाही," ओडेसा म्हणाली. "मिस वर्डीला फोन लावा. उद्याच्या बैठकीला हजेरीचा कागद ठेवायला सांगा. नाव आणि तारीख, प्रत्येकानं स्वतःच्या हातानं."

*

गुरुवार, सात मार्च. सकाळी आठला बँकेच्या जुन्या दालनात लोक जमले. पाच गावांचे गॅसप्रमुख, क्रेन्शॉ, वर्डी. लिनेट दाराजवळच्या खुर्चीत बसली होती, कोटाची बटणे लावून. हजेरीचा कागद टेबलावरून फिरला आणि ओडेसाजवळ येऊन थांबला. तिने तो पालथा ठेवला.

"अहवाल वाचण्याआधी मला दहा मिनिटं हवी आहेत," ती म्हणाली. "ही चिठ्ठी सोमवारी रात्री दारातून आली असं सगळे मानतात. कारण तिच्यावर पंधरा तारीख आहे. पण फॉर्मच्या वर किती गावं छापलीत?"

क्रेन्शॉंनी प्रत हातात घेतली. "पाच."

"शुक्रवारच्या सगळ्या चिठ्ठ्यांवर चार. शुक्रवारी जुने फॉर्म संपले. नवे फॉर्म मिस वर्डीनं मंगळवारी साडेसातनंतर खोकं फोडून काढले. त्याआधी ते बंद खोक्यात, कुलपाच्या आत होते. म्हणजे चिठ्ठी मंगळवारीच लिहिली, साडेसात ते सव्वाआठच्या मधे, या इमारतीत."

"त्या वेळी एल्बर्ट टिडवेल एक तासावर, हॅम्बीच्या तळघरात गुडघ्यावर होते. साक्षीदार त्यांना कामावरून काढणारा माणूसच आहे."

क्रेन्शॉंनी नकळत टोपी काढली. "सहा ते दहा," ते म्हणाले. "माझ्या शेजारी. देवा. मी स्वतःच सांगत होतो सगळ्यांना."

"मग लिहिली कुणी? नगराध्यक्ष, तुम्हीही तळघरात होतात. राहिले दोघं, ज्यांना चूक झाकायची होती. एक मिस वर्डी."

वर्डीने मान वर केली. "मी कागदाचा धंदा करते, बाई. सोमवारची चिठ्ठी बनवायची तर मी जुना फॉर्म वापरला असता."

"बरोबर. आणि मुळात सोमवारची तारीख घालायची गरजच काय? नवाच्या आत आकडे बदलायला परवानगी होती. मंगळवारची खरी तारीख घातली असती तर कुणी काही म्हटलं नसतं. मुद्दाम मागची तारीख घालून कुणाचाच फायदा नव्हता. म्हणजे ती मुद्दाम घातलेली नाही. ती हातातून आपोआप उतरली."

तिने शुक्रवारच्या चिठ्ठ्या मांडल्या. "या सगळ्या बारा तारखेला लिहिल्या. तीन जणांनी बारा लिहिलं. दोघांनी अकरा. ते दोघं सकाळी सातला, नाश्त्याला बसून लिहायचे. गॅसचा दिवस नऊला उजाडतो. सातला अजून अकरा तारखेचाच दिवस चालू असतो. तरुणपणी पाइपलाइनवर ज्यांना एका मुकादमानं कानफटात मारून तारीख शिकवली, त्यांचा हात असाच चालतो. या संघात असे दोघंच होते. एल्बर्ट टिडवेल आणि..."

तिने हजेरीचा कागद उलटा केला. आठ नावे. सात जणांनी सात मार्च लिहिले होते. रॉस्को हॅगुडच्या नावापुढे सहा होते.

हर्शेलने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. साडेआठ.

"तुम्ही पहाटेपासून झडपांच्या खोलीत होतात म्हणालात," ओडेसा म्हणाली. "मिस वर्डीनं तुम्हाला कॉफी पाजली, नेहमीच्या लोकांसारखीच, म्हणून तिला त्यात वेगळं काही वाटलं नाही. फॉर्म काउंटरवर होते. ती पाठमोरी असताना चिठ्ठी टोपलीत टाकायला अर्धं मिनिट पुरतं."

रॉस्कोने कागद जवळ ओढून स्वतःचे हस्ताक्षर पाहिले.

"त्यानं निरोपाला उत्तर दिलं नाही," तो म्हणाला. "सकाळी फोन केला तर घरी नाही. नवाला तासच होता. मला वाटलं, तो नाही म्हणणारच नाही. एकोणचाळीस वर्षांत कशाला नाही म्हणाला नव्हता. हॅम्बीतल्या शाळांना सुटी होती, निभेल असं वाटलं. दुपारी त्याला सांगणार होतो. मग भट्ट्या विझल्या. मग मिस आयोला गेल्या. मग सांगायचं कसं?"

"शुक्रवारी," लिनेट म्हणाली.

ती उभी होती. आवाज चढलेला नव्हता.

"त्यांनी चिठ्ठी बघितली तेव्हाच ओळखलं. 'नऊ वाजले नव्हते अजून', हेच म्हणाले ते, आणि कुणाला समजलं नाही. माझ्याशीही बोलले नाहीत. मला वाटलं, माझ्यावर विश्वास नव्हता. पण त्यांना ते तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. ते पाच शुक्रवार तुमच्यासमोर येऊन बसले, काका. नाश्त्याला नाही. तुम्ही सांगाल म्हणून."

रॉस्कोने हजेरीचा कागद पुन्हा पालथा केला.

"आणि मी तुम्हाला पेटीच्या पुढे उभं केलं."

क्रेन्शॉंनी अहवालाचा कागद घेऊन मधोमध फाडला, तुकडे खिशात घातले आणि वर्डीकडे हात केला. वर्डीने एक कोरा कागद रॉस्कोपुढे सरकवला आणि पेनाचे टोपण काढून दिले.

त्याने लिहिले. सात-आठ ओळी लिहायला त्याला पंधरा मिनिटे लागली. शेवटी पूर्ण नाव, मग तारीख. सहा मार्च.

"तारीख चुकली," क्रेन्शॉ म्हणाले. "दुरुस्त कर."

लिनेटने कागद उचलला, एकदा वाचला आणि घडी न घालता वर्डीच्या हातात दिला. मग तिने लाल चिकटपट्टी लावलेल्या घड्याळाकडे पाहिले. मोठा काटा अकरावर होता.

"राहू द्या," ती म्हणाली. "अजून नऊ वाजले नाहीत."